'युद्धातला' मामिया सिक्स आणि माझे ५१,८०० येन

टोकियोत जुने कॅमेरे घेणाऱ्या मंडळींनो, लोकांनी आपल्या जुन्या वस्तू विकायच्या फ्लीमार्केट अ‍ॅपवर 'आजोबांचा, १९४२ चा, युद्धातला मामिया सिक्स' दिसला की हात आवरा. मी ४८,००० येन मोजले, वर शिपिंग १,२००.

फोटो चारच. तिसऱ्या फोटोत मागच्या लेदरवर 'मेड इन' एवढंच दिसतंय आणि पुढच्या अक्षरांवर बरोब्बर विकणाऱ्याचा अंगठा!! तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. कॅमेरा घरी आल्यावर वाचलं, मेड इन ऑक्युपाइड जपान. हा शिक्का अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानमधून एक्सपोर्ट होणाऱ्या मालावर असायचा, म्हणजे १९४५ नंतरचा माल, कसलं युद्ध न कसले आजोबा. पण कॅमेरा हातात धरून फोटो काढला तर अंगठा कुठेतरी येणारच ना, कोण संशय घेईल?

बरं, वय गेलं खड्ड्यात, कॅमेरा तरी चालावा? शटर ठीक, भाता (लेन्सपासून मागेपर्यंतचा घड्यांचा पडदा) टॉर्च लावून बघितला, भोक नाही. तोवर त्याचे मेसेज सुरू, 'लवकर रेटिंग द्या, पैसे अडकलेत'. दिलं. (रेटिंग दिलं की अ‍ॅप पैसे सोडतं. फिल्म धुवून येईपर्यंत देऊ नका, कोणी कितीही रडो.) १२० चा (या कॅमेऱ्यात बसणारी रुंद फिल्म) रोल धुवायला २,६०० गेले आणि फोटो सगळे जागोजागी धूसर. कारण आतली प्रेशर प्लेटच नाही! या कॅमेऱ्यात फोकसला लेन्स हलत नाही, मागची फिल्म पुढेमागे सरकते, आणि ती सपाट धरणारी प्लेट सुटी निघते, म्हणून हरवते. मागचं झाकण उघडून काढलेला फोटो नसेल तर घेऊच नका.

अ‍ॅपवाले म्हणे व्यवहार पूर्ण झालाय. पोलीस चौकीत गेलो तर साहेबांनी कॅमेऱ्यापेक्षा माझं रेसिडेन्स कार्डच (परदेशी माणसाचं इथलं ओळखपत्र) जास्त वेळ न्याहाळलं, मग 'वस्तू मिळाली ना? मग हा तुमच्या दोघांतला मामला'. ग्राहक हेल्पलाइनवाली बाई गोड बोलली, पण विकणारा दुकानदार नाही, खाजगी माणूस आहे म्हणून अ‍ॅपशीच बोला. अ‍ॅप चौकीकडे बोट दाखवतं, चौकी अ‍ॅपकडे, आणि सगळे वाकून वाकून सॉरी म्हणतात, पैसे कोणी देत नाही. तीस हजार रुपयांच्या आसपास गेले हो!

विकणाऱ्याचं अकाउंट अजून चालू आहे. सुटी प्लेट कोणाकडे असेल तर कळवा, पैसे प्लेट हातात पडल्यावरच.