जेम्स जेमरसनच्या नावाने विकला गेलेला बेस

डेट्रॉइट परिसरात जुना बेस गिटार घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींनी पैसे पाठवण्यापूर्वी हे वाचावे. मला साडेसात हजार डॉलरना पडलेला बेस मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीचा प्रसिद्ध बेसवादक जेम्स जेमरसन याच्या नावाने विकला गेला, आणि हे नाव इथे फार सहज वापरले जाते.

१९३६ मध्ये दक्षिण कॅरोलिनात जन्मलेला हा वादक १९५४ मध्ये आईसोबत डेट्रॉइटला आला आणि १९५९ पासून मोटाउनच्या वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील स्टुडिओत वाजवू लागला. १९७१ पर्यंत मोटाउनच्या तबकड्यांवर साथीच्या वादकांची नावे सहसा छापलीच जात नसत, त्यामुळे त्याच्याविषयी कागदोपत्री पुरावा थोडा आणि ऐकीव गोष्टी उदंड, आणि विक्रेत्यांचे नेमके त्यावरच फावते. त्याचा १९६२ चा सनबर्स्ट रंगाचा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, ज्याच्या तारा तो तुटल्याखेरीज बदलत नसे, १९८३ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या त्याच्या निधनाच्या काही दिवस आधी चोरीला गेला.

विक्रेत्याने मला सांगितले की एका जुन्या वादकाच्या घरच्यांनी विकायला काढलेला हा बेस त्याच सालचा आहे, ‘कदाचित तोच’ असेल. त्यावर जाड, कळकटलेल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, चपट्या वेटोळ्यांच्या) तारा होत्या आणि जेमरसनच्या बेसवर होता तसा ‘फंक’ हा शब्द निळ्या शाईने लिहिलेला होता. ही गोष्ट खरी असती तर माल चोरीचा ठरला असता आणि खोटी असती तर बनावट. दोन्हींपैकी कशाचेही पैसे मोजण्यात अर्थ नव्हता, पण सांगणाऱ्याची जीभ गोड होती.

बेस दुरुस्तीवाल्याकडे उघडला तेव्हा सगळे बाहेर पडले. मागच्या पट्टीवरचा क्रमांक साठच्या दशकातला होता खरा, पण ती पट्टी चार स्क्रूंवर बसते आणि कोणालाही बदलता येते. आवाजाच्या पॉटवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर) १३७७८१९ असा आकडा होता: पहिले तीन अंक कारखान्याचे, पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे, म्हणजे १९७८ चा एकोणिसावा आठवडा. पॉट दुरुस्तीत बदलले जातात, एवढ्यावरून निकाल देता येत नाही, हे दुरुस्तीवाल्यानेच बजावले. मात्र नेक (बेसचा लांब दांडा) काढल्यावर, जिथे तो बनवल्याची तारीख असायला हवी तिथले लाकूड पॉलिशपेपरने घासलेले निघाले आणि ‘फंक’ची शाई नेमकी त्या घासलेल्या जागेवरच होती.

पैसे मी विक्रेत्याच्या आग्रहावरून, ‘शुल्क वाचेल’ म्हणून, नातेवाइकांना पाठवायच्या पर्यायाने पाठवले होते, आणि त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसते. बँकेने व्यवहार माझ्याच संमतीने झाल्याचे कळवले, पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली, आणि विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. नेक उतरवलेल्या स्थितीतले, आजच्या तारखेच्या कागदासह काढलेले फोटो मागितले, की असे बरेच विक्रेते तिथेच गप्प होतात, असे त्या दुरुस्तीवाल्याने नंतर सांगितले.