कोकणात वाईनसाठी द्राक्षं की काजू?

मामेभावाची राजापूरला कातळाकडेची जागा पडून आहे, त्याला नाशिकसारखा द्राक्षमळा हवाय आणि मामा म्हणतो काजू लाव.

जमीन म्हणाल तर मूळ खडक दोन्हीकडे बेसॉल्टच, पण आपल्याकडे पावसाने त्याचा जांभा केला, चुना वाहून गेला, लोह राहिलं, माती आम्लधर्मी. काजूला ती चालते. द्राक्षाला चुना घालत बसावं लागेल.

खरी मारामारी हवेची आहे. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, थंडीत रात्री गार पडतात, त्यामुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो आणि तिथली शनॅ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईन ताज्या लागतात. आपल्याकडे खारा वारा रात्रसुद्धा उबदार ठेवतो, मग साखर चढते नि आंबटपणा उतरतो, वाईन मिळमिळीत. वर ३००० मिमीच्या आसपास पाऊस आणि वेलीला विश्रांती नाही, एप्रिल छाटणीची नवी फूट बरोब्बर पावसात सापडते, म्हणजे डाऊनी या बुरशीच्या रोगाला आमंत्रणच!

खर्चाचं तेच. द्राक्षाला मांडव, ठिबक, सतत फवारण्या. काजूला वेंगुर्ला ४ किंवा ७ या जातींची कलमं, मोहोरावरच्या ढेकण्या किडीसाठी फवारणी, गुरांपासून कुंपण आणि वणव्याची धास्ती.

बोंडूची, म्हणजे काजूच्या फळाची, वाईन होते, पण रस तुरट, टॅनिन काढावं लागतं, आणि बोंडू लगेच नासतो म्हणून त्याच दिवशी पिळायचा. परवाना दोन्हीला लागतोच.

पैसे आणि कमी राबणूक हवी तर काजू, बी विकून बोंडूचा प्रयोग वेगळा. द्राक्षाची वाईनच करायची असेल तर घाटावर जमीन बघ, हौसेला परसात चार वेली पुरे.