७ एमएम-०८ रेमिंग्टन: आठ महिने आणि एका हंगामानंतर

आधी माझ्याकडे शिकारीसाठी ३०-०६ काडतुसाची रायफल होती. १९०६ पासून चालत आलेलं दणकट काडतूस, हरणाला पुरून उरणारं. पण तिचा धक्का मला सोसत नव्हता आणि ते मान्य करायला मला फार वेळ लागला. मागच्या हंगामात एक हरीण पोटात गोळी लागून पळालं. माग काढत सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. ते अजून सलतं. नंतर सरावाला मित्राने माझ्या नकळत काडतुसांत एक डमी, म्हणजे बार न होणारं नकली काडतूस, मिसळलं. मी चाप ओढला, नुसतं 'टक्' झालं आणि नळीचं टोक बोटभर खाली गेलेलं आम्ही दोघांनी पाहिलं. बार व्हायच्या आधीच मी दचकत होतो.

मग धक्का कमी असलेलं काडतूस शोधायला लागलो. २४३ विंचेस्टर खांद्याला सगळ्यात हलकं, पण त्याची १०० ग्रेनची, म्हणजे जेमतेम साडेसहा ग्रॅमची गोळी मोठा नर तिरका उभा असताना मला कमी वाटते. ६.५ क्रीडमूर लांब पल्ल्यावर वाऱ्याला छान तोंड देतं. पण मी २०० मीटरच्या पुढे बार काढतच नाही, तर त्याचा मला काय उपयोग? ७ एमएम-०८ म्हणजे ३०८ विंचेस्टरच्याच पुंगळीची (गोळी धरणाऱ्या धातूच्या नळकांड्याची) मान आवळून केलेलं काडतूस, १९८० पासून बाजारात. १४० ग्रेनची गोळी, वजन सुमारे ९ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ८५० मीटर. हेच घेतलं.

पहिल्या दोन महिन्यांत फक्त कागदावर बार काढले. शंभर मीटरला नेम जुळवला की दोनशेला गोळी १० ते १२ सेंटीमीटर खाली लागते, हे स्वतः मोजून लिहून ठेवलंय. डमी मिसळून सराव मात्र सोडला नाही. तिसऱ्या महिन्यात चाप ओढल्यावर नळी जागेवर राहायला लागली आणि त्या दिवशी मला खरंच हायसं वाटलं.

हंगामात तीन हरणं मिळाली. पहिलं ९० मीटरवर, आडवं उभं. पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरला. ते चाळीसएक पावलं पळालं. गवतावर फेसाळ, गुलाबी रक्त होतं. असं रक्त दिसलं की फुप्फुसात लागलीय हे कळतं. दुसऱ्याच्या वेळी चूक झाली. साधी मऊ शिशाची गोळी होती, अंतर जेमतेम तीस मीटर, आणि लागली थेट खांद्याच्या हाडावर. त्या बाजूचं मांस रक्ताळलं, टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून मी कॅलिबरपेक्षा, म्हणजे गोळीच्या जाडीपेक्षा, तिच्या बनावटीकडे जास्त बघतो. तिसऱ्यासाठी सबंध तांब्याची गोळी वापरली: आरपार गेली, मांस स्वच्छ, शिशाचे कण नाहीत. मात्र तांब्याची गोळी लागल्यावर उमलायला, म्हणजे टोकाशी पसरायला, वेग लागतो, आणि गोळी बदलली की नेम पुन्हा जुळवावाच लागतो. माझ्या रायफलीत ती पाच सेंटीमीटर डावीकडे जात होती.

उणीव एकच जाणवली. ३०८ ला गोळ्यांचे जेवढे प्रकार मिळतात तेवढे याला मिळत नाहीत, म्हणून आवडलेल्या काडतुसांचे डबे मी हंगामाआधीच घेऊन ठेवतो. पुंगळ्या दिसायला जवळपास सारख्या, तेव्हा दोन्ही रायफली घरात असतील तर बुडावरचा ठसा आणि नळीवर कोरलेलं नाव दर वेळी ताडून बघा. शिकारीच्या परवान्यात कॅलिबरची किमान अट असेल तर तीही खरेदीआधी वाचा.

ज्यांच्याकडे ३०८ आहे आणि डमीच्या चाचणीत ज्यांची नळी हलत नाही, त्यांनी बदलायची काही गरज नाही.