हत्तरगी, शिनोळी की चाकण?

भाच्याचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला आणि तीन वाटा समोर आल्या : हत्तरगीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) ट्रेनी, शिनोळी एमआयडीसीत मशीन शॉप, नाहीतर सरळ चाकण. "चाकणला जावं वाटतंय मामा, खरं आई एकटी पडते," म्हणाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ आणि सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या मशीनवर) माझी बावीस वर्षं गेली, म्हणून प्रश्न माझ्याकडे.

आधी हत्तरगी. बेळगावहून कोल्हापूरच्या दिशेनं महामार्गावर ४० किलोमीटरच्या आसपास. एक्वस कंपनीचा हा २५० एकरांचा सेझ २००९ पासून सुरू आहे. फोर्जिंग, मशीनिंग, पृष्ठभागावरची प्रक्रिया, जुळणी हे सगळं एकाच आवारात होतं. कॅनडाची मॅजेलन, फ्रान्सची ओबेर ए द्यूवाल यांच्याबरोबर भागीदाऱ्या झाल्या आणि सुटे भाग एअरबस-बोईंगच्या विमानांत जातात. हुक्केरी तालुक्यात हे आलं कसं? सेझच्या निर्यातीच्या नफ्यावर पहिली ५ वर्षं पूर्ण आणि पुढची ५ वर्षं निम्मी करमाफी होती, हे एक कारण. पण तशी माफी देशातल्या सगळ्याच सेझना होती, आणि २०२० नंतर नव्या युनिटांसाठी तो दरवाजा बंदही झाला. माझ्या मते खरं कारण आमच्या फाउंड्र्या आणि हायड्रॉलिकची दुकानं. ड्रॉइंग वाचणारा, मायक्रॉनची भाषा कळणारा माणूस इथं आधीपासून होता.

तो टिकण्याचं कारणही सवलत नाही. विमानाचा भाग कुठल्या मशीनवर, कुठल्या प्रक्रियेनं बनतो याला ग्राहकाची मंजुरी लागते. ती मिळवायला खूप वेळ जातो, त्यामुळे उद्या दुसऱ्या राज्यानं स्वस्त जमीन दिली म्हणून काम उचलून नेता येत नाही. शर्ट शिवण्याचा कारखाना रातोरात हलतो, हे हलत नाही. धोका वेगळा : २०२० मध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा जगभर या धंद्याच्या ऑर्डरी आटल्या. सेझमध्ये खेळणीही बनतात, तेवढाच दुसरा आधार.

शिनोळी बेळगावहून वेंगुर्ला रस्त्यानं पंधरा-वीस किलोमीटर, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. महाराष्ट्राच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुका जितका मागास तितका परतावा जास्त, म्हणून बेळगावच्याच कारखानदारांनी तिथं शेड टाकल्या. गंमत बघा, २०१३ च्या सुमारास कोल्हापूरचे फाउंड्रीवाले वीजदरावर चिडून कर्नाटकात जायची भाषा करत होते. सरहद्द तीच, फक्त सवलतीचं वारं उलटं! शिनोळीत बहुराष्ट्रीय पाटी दिसणार नाही. तिथं मालक ओळखीचा, काम सगळ्या प्रकारचं, शिकणं भरपूर. पगाराची स्लिप आणि पीएफ मात्र आधी विचारून घ्यावं.

आता कागदाची गोष्ट. दोन्ही राज्यं सवलत देताना स्थानिकांना नोकरीची अट घालतात. महाराष्ट्रात ८० टक्के. कर्नाटकानं जुलै २०२४ मध्ये विधेयकच आणलं : व्यवस्थापनात ५०, इतर पदांत ७० टक्के स्थानिक. स्थानिक म्हणजे १५ वर्षांचा रहिवास, कन्नड बोलता-लिहिता येणं, आणि दहावीला कन्नड विषय; तो नसेल तर परीक्षा. उद्योगांनी ओरड केल्यावर ते दोन दिवसांत थांबलं. पण मागणी जुनी आहे, कन्नडिगांना नोकऱ्यांत प्राधान्य सुचवणाऱ्या सरोजिनी महिषी समितीपासूनची, परत येणारच. भाच्याच्या मार्कशीटवर कन्नड आहे. मी दहावी चंदगडात आत्याकडे राहून केली, माझ्यावर नाही. मराठी बोलणाऱ्यानं इथं कन्नड शिकण्याला शरणागती समजू नये, ती एक जास्तीची चावी आहे. उलट बाजूला, महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राची सवलत सरकारी भरतीत कामाची. खासगी मालक रहिवासाचा दाखला कुठला मागेल, ते त्यालाच विचारावं.

बंगळुरूबाहेर नोकऱ्या नेण्याच्या मोहिमेत हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक पट्टा आहे, आणि कर्नाटकाच्या २०२४ च्या जीसीसी (जागतिक कंपन्यांची इथली कामकाज केंद्रं) धोरणात २०२९ पर्यंत ५०० नवी केंद्रं, साडेतीन लाख नोकऱ्यांचं लक्ष्य आहे. डिप्लोमावाल्याला त्याचा आज उपयोग थोडा.

चाकणला पगार जास्त, पण खोली, मेस आणि दर सणाला गावी येणं धरलं की फरक आटतो. जमेची बाजू अशी की एक गेट बंद झालं तर शेजारचं उघडं असतं. तळेगावात जनरल मोटर्सनं २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबवलं, पुढं तो कारखाना ह्युंदाईनं घेतला. शेडला नवा मालक मिळाला, आधीच्या कामगारांना मात्र वर्षानुवर्षं भांडावं लागलं. हत्तरगीत गेट बंद झालं तर शेजारी उसाचं शिवार.

तरी मी त्याला हत्तरगी सांगितली, दोन-तीन वर्षांसाठी. एक अट घातली : अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर वर्षानंतर किती पोरं कायम होतात ते आत काम करणाऱ्याकडून काढायचं, एचआरकडून नाही. अप्रेंटिसच्या स्टायपेंडचा काही भाग केंद्र सरकार भरतं, त्यामुळे दरवर्षी नवी बॅच घ्यायचा मोह कुठल्याही कंपनीला होतो. आणि फाइव्ह-ॲक्सिस मशीनवर (पाच दिशांनी कापणाऱ्या सीएनसीवर) कधी बसवणार, ते मुलाखतीतच विचारायचं. "डिबरिंगलाच, म्हणजे नुसत्या कडा घासायलाच ठेवलं तर?" त्यानं विचारलं. सहा महिने बघ म्हटलं, मग शिनोळीत मी शब्द टाकतो.