मुलांचा विजेचा किट: गणपतीपासून होळीपर्यंत वापरल्यावर

चौथीतल्या लेकीसाठी गेल्या गणपतीच्या आधी हा किट मागवला. होळी होऊन गेली तरी वापरात आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पेटीत दोन प्रकारचा माल येतो. एक मोठा प्लॅस्टिकचा बोर्ड, ज्यावर नंबर घातलेले ठोकळे टिचबटणासारखे दाबून बसवायचे. आणि तळाशी एक साधी पिशवी: टॉर्चचे बल्ब, त्यांचे होल्डर, दोन पेन्सिल सेलची डबी, क्लिपा लावलेल्या वायरी, थोडे एलईडी, रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारे छोटे भाग), छोटी मोटर, बझर आणि इनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा लेप दिलेली, तांब्याची तार. जाहिरातीतले फोटो सगळे बोर्डाचे. आमचे पैसे वसूल झाले ते पिशवीमुळे.

बोर्डावर पहिल्याच संध्याकाळी पंखा फिरला, बझर वाजला, घरभर कौतुक झालं. पण "बल्ब का लागला गं?" असं विचारलं की उत्तर यायचं, "तीन नंबरचा ठोकळा चार नंबरला लावला म्हणून." ठोकळ्यातला बल्ब पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये बंद. वीज त्यात कुठून शिरते, कुठून बाहेर पडते, काही दिसत नाही. चित्र बघून दाबत जायचं, लागला की पुढचं पान. पुस्तिका संपली तसा बोर्ड कपाटावर गेला तो गेलाच.

सुटा बल्ब हातात आला तेव्हा खरी मजा. तिने सेलच्या वरच्या टोकापासून एक वायर बल्बच्या बुडाला टेकवली आणि वाट बघत बसली. काही नाही. मग सेलच्या दुसऱ्या टोकाची वायरही त्याच बुडाला लावली. बल्ब नाहीच, वायर मात्र गरम. माझे सासरे, आबा, जीईबीतून, म्हणजे गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डातून, निवृत्त झालेत (2005 साली बोर्डाच्या कंपन्या झाल्या, आमच्या घरात अजून 'बोर्ड'च). ते म्हणाले, "अगं, वाट बल्बच्या आतून गेली पाहिजे. तू तर त्याला बाहेरूनच वळसा घातलास." आणि हातात भिंग दिलं. फिलामेंटच्या दोन टोकांपैकी एक बुडाच्या ठिपक्याला जातं, दुसरं बाजूच्या धातूला. हे तिने स्वतः शोधलं, मग पाच मिनिटांत बल्ब लागला. किटच्या बोर्डावरच्या सगळ्या प्रयोगांत मिळून हे कळलं नव्हतं.

या किटला एक-दोन तारे देणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार आहे की निळे आणि पांढरे एलईडी लागत नाहीत. परत पाठवायच्या आधी सेल बघा. किटसोबत पेन्सिल सेल येत नाहीत, आणि घरात पडलेले रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचे असतात, दोन मिळून 2.4. लाल एलईडीला 2 व्होल्टच्या आसपास पुरतात, निळ्या-पांढऱ्याला 3 च्या जवळ लागतात. साधे 1.5 व्होल्टचे नवे सेल घाला, लागतील. शिवाय रिचार्जेबल सेल शॉर्ट झाला तर साध्यापेक्षा जास्त प्रवाह सोडतो आणि चांगलाच तापतो, म्हणून मुलांच्या हाती साधेच बरे. एलईडीचा लांब पाय प्लसकडे, हेही पुस्तिकेत फार बारीक अक्षरात आहे.

गणपतीच्या मखरात तिला रंगीत दिवे हवे होते. एक लाल, दोन निळे, तिन्ही शेजारी शेजारी समांतर जोडले आणि मिळून एकच रेझिस्टर. लाल लागला, निळे ढिम्म. लाल काढला की निळे मिणमिणायला लागतात, परत लावला की विझतात! कारण सोपं आहे, पण पुस्तिकेत नाही. लाल एलईडी 2 व्होल्टच्या आसपासच चालू होतो आणि तिघांवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) तिथेच धरून ठेवतो, निळ्यांपर्यंत 3 पोहोचतच नाहीत. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर दिल्यावर तिन्ही लागले. रेझिस्टर पिशवीत मोजकेच होते, ते इथल्या, बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या बाजारातून आणले. किरकोळ किंमत.

आता मुख्य गोष्ट, आणि ती बडोद्यात राहणाऱ्यांनी तरी नीट वाचावी. पुस्तिकेत 'वाहक की रोधक' असा एक तक्ता आहे. सर्किटमध्ये फट ठेवायची, तिथे वस्तू धरायची, बल्ब लागला तर वाहक. नाणं, चमचा, खिळा वाहक. खोडरबर, दोरा, लाकूड रोधक. डिसेंबरात गल्लीत मांजा रंगवायला सुरुवात झाली तशी लेकीने त्याचा तुकडा फटीत धरला. बल्ब लागला नाही. "म्हणजे तारेवर पतंग अडकला तर ओढायला हरकत नाही ना?"

आबा हातातला पेपर ठेवून उठले. तिला रागावले नाहीत. एका वाटीत पाणी घेऊन त्यात भरपूर मीठ विरघळवलं, सर्किटची दोन टोकं एकमेकांजवळ पाण्यात बुडवली. टॉर्चचा बल्ब लागला नाही. मग बल्ब काढून तिथे लाल एलईडी लावला. तो मंद का होईना, पण लागला. पाणी तेच, सेल तेच. बल्बला पेटायला शेकडो मिलिअँपिअर लागतात, एलईडी थोड्याशाच मिलिअँपिअरवर उजळतो. बल्ब लागला नाही याचा अर्थ इतकाच, की 3 व्होल्टवर बल्ब पेटेल एवढी वीज त्या वस्तूतून गेली नाही. घरातल्या सॉकेटमध्ये 230 व्होल्ट, रस्त्यावरच्या उच्चदाबाच्या तारांत 11,000. दवाने ओला झालेला किंवा धातूची पूड लावलेला मांजा तिथे वेगळाच वागतो. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, आमच्या गच्चीवरून अडकलेले पतंग तसेच सोडले गेले, आणि गल्लीतल्या पोरांना ती वाटीचा प्रयोग दाखवत होती.

कंपनीने त्या तक्त्याखाली असा इशारा देणारी एक ओळ छापायलाच हवी होती. हा माझा किटवरचा सर्वांत मोठा आक्षेप, तुटक्या क्लिपांपेक्षाही मोठा.

बाकी थोडक्यात. मोटर छान आहे. सेल उलटे घातले की उलटी फिरते. बझर उलटा जोडला की गप्प. इनॅमलची तार खिळ्यावर गुंडाळून चुंबक होतो, पण टोकांवरचं इनॅमल खरवडावं लागतं, नाहीतर काहीच होत नाही. पॉलिश पेपरचा एक तुकडा द्यायला काय झालं होतं? या तारेला रोध फार कमी, त्यामुळे दोन-चार सेकंदच जोडायची, सेल तापतो. क्लिपांच्या वायरी आतून तुटतात. दोन आम्ही सोल्डर केल्या, उरलेल्यांपैकी चारच धड आहेत.

'काजवा' नावाच्या प्रयोगासाठी 3 व्होल्टचा नाण्यासारखा लिथियम सेल दिलाय, तोही साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत. घरात लहान भावंड असेल तर तो आल्याबरोबर काढून घ्या. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं; अशी शंका आली तरी थेट दवाखाना. आमचा धाकटा तीन वर्षांचा आहे, त्यामुळे काजवा आमच्याकडे झालाच नाही.

एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात हा भाग सहावीत होता, नव्यात सातवीत गेलाय. तरी चौथीच्या मुलाला जड जात नाही, फक्त सुरुवातीला शेजारी कुणीतरी बसायला हवं आणि त्याने उत्तर लगेच सांगू नये. पुस्तिका हिंदी आणि इंग्रजीत आहे, मराठी-गुजराती नाही.

बाराशेच्या आसपासची मोठी पेटी घेऊ नका. याच कंपनीचा बोर्ड नसलेला छोटा संच मिळाला तर तो घ्या, नाहीतर बल्ब, होल्डर, सेलची डबी, एलईडी, रेझिस्टर आणि क्लिपा सुट्या आणा. मल्टिमीटर जमला तर उत्तम, आमच्याकडे तो आबांचा होता. मोठ्या पेटीला पाचपैकी अडीच, पिशवीला साडेचार.