पाठीचा पट्टा आणि आठ आठवड्यांचा व्यायाम: कुडाळमधील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

शाळेत सहावीपासून मी वर्गातली सर्वांत उंच मुलगी होते, आणि प्रार्थनेच्या रांगेत शेवटी उभी राहताना खांदे पाडून मान खाली घालण्याची जी सवय तेव्हा लागली, ती चाळिशी उलटली तरी सुटली नाही. "सरळ बस गो, पोक काय काढतंस?" हे आईचे वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडे, आणि त्याने पाठ सरळ होण्याऐवजी आपल्या अंगातच काहीतरी खोट आहे एवढे मात्र मनात पक्के बसे. पुढे पतसंस्थेत वीस वर्षे संगणकासमोर काम केल्यावर मानेच्या मागे ठणका लागू लागला, तेव्हा गेल्या जूनमध्ये मी आधी ऑनलाइन मागवलेला पट्टा आणि नंतर कुडाळमधील एका फिजिओथेरपी केंद्राचा आठ आठवड्यांचा वर्ग, असे दोन्ही उपाय करून पाहिले.

पट्ट्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सहाशे रुपयांचा हा पट्टा खांदे मागे ओढून धरतो, परंतु पुढे आलेली मान तशीच राहते, आणि पाठीच्या स्नायूंनी करायचे काम पट्टाच करत असल्यामुळे तो सोडल्यावर पंधरा मिनिटांत मी पुन्हा होती तशी होत असे. कोकणातल्या दमट हवेत तो काखेत काचतो आणि घामोळे येते, हेही विकत घेण्याआधी लक्षात घ्यावे. दिवसातून अर्धा तास, केवळ आठवण म्हणून वापरायचा असेल तर त्याचा उपयोग आहे, त्यापलीकडे नाही.

केंद्रातील पहिली तपासणी पाऊण तास चालली. तेथील फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभे केले आणि डोक्याची मागची बाजू व भिंत यांमधले अंतर साध्या मोजपट्टीने मोजले. ते सहा सेंटीमीटर भरले. मग पालथे झोपवून, तेथून छाती उचलायला सांगून, पाठीचा बाक तेवढ्यापुरता सरळ होतो की नाही हे पाहिले. तो होत असेल तर दोष मुख्यतः स्नायूंचा आणि सवयीचा असतो आणि व्यायामाने सुधारतो. होत नसेल तर मणक्यांच्या हाडांतच बदल झालेला असू शकतो आणि आधी डॉक्टरांकडे जावे लागते. माझ्या सत्तरीच्या आईला मी नंतर तेथे नेले, तेव्हा तिची उंची अलीकडे कमी झाल्याचे ऐकताच त्यांनी तिला वर्गात न घेता हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवले. शुल्क घेऊन चार व्यायाम शिकवणे त्यांना सोपे होते, पण त्यांनी ते केले नाही, आणि माझा या केंद्रावर विश्वास बसला तो त्या दिवशी.

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. मान जितकी पुढे झुकते, तितका तिच्यावरचा भार वाढतो. 2014 मध्ये अमेरिकी शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी गणिती प्रतिमानावरून मांडलेल्या हिशेबानुसार 60 अंश झुकलेल्या मानेवर हा भार सुमारे 27 किलोंपर्यंत जातो. ताईंनी हे समजावताना मालवणच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या मासेविक्रेत्या बायकांचे उदाहरण दिले: त्यांचे ओझे कितीही जड असले तरी ते थेट कण्यावर येते, म्हणून त्यांची मान ताठ असते, आणि माझ्या डोक्यावर काहीच नसताना माझी मान मात्र सतत ओझे पेलत असते. छातीचे स्नायू आखडलेले, पाठीच्या फऱ्यांमधले स्नायू सैल आणि मानेच्या आतले स्नायू दुबळे, अशी माझी स्थिती होती. त्यावर हनुवटी न झुकवता सरळ मागे ओढणे, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवणे, पाठीखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन पडून राहणे आणि रबरी पट्टी दोन्ही हातांनी मागे खेचणे, असे बारा मिनिटांचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ करायचे होते. शिवाय दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठायचे, कारण कितीही सरळ बसले तरी तासन् तास एकाच स्थितीत बसणे मानेला मानवत नाही.

या आठ आठवड्यांत "ताठ बसा" हे शब्द मी ताईंच्या तोंडून एकदाही ऐकले नाहीत. त्या फऱ्यांच्या मध्ये बोट टेकवत आणि "इथून ओढा" म्हणत. आमच्या गटात आठवी-नववीच्या दोन मुली होत्या. वयात येताना शरीरात होणाऱ्या बदलांचा संकोच वाटून त्या खांदे पुढे घेऊन चालत, मी माझी उंची लपवीत असे तशाच. ताईंनी त्यांच्या आयांना बाजूला घेऊन, मुलींना चारचौघांत टोकणे आधी बंद करा, असे स्पष्ट सांगितले. मला कोणी तेव्हा असे सांगणारे भेटले असते तर किती बरे झाले असते, हे त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनातून जात नव्हते.

केंद्राच्या भिंतीवरील एका फलकाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दोन मिनिटे कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभे राहिल्यास शरीरातील संप्रेरके बदलतात आणि आत्मविश्वास वाढतो, असे त्यावर लिहिले आहे. हा दावा 2010 मधील डॅना कार्नी, एमी कडी आणि अँडी याप यांच्या 42 जणांवरील प्रयोगातून आला. 2015 मध्ये सुमारे 200 जणांवर तो पुन्हा करून पाहिला असता, लोकांना तेवढ्यापुरते बळ आल्यासारखे वाटले, परंतु संप्रेरकांतील बदल आढळला नाही, आणि 2016 मध्ये स्वतः कार्नी यांनीच हा परिणाम खरा आहे असे आपण मानत नसल्याचे जाहीर केले. हा फलक काढावा, असे मी ताईंना सांगितले आहे.

मला जाणवलेला फरक श्वासाचा होता. पोक काढून बसले की छातीचा पिंजरा दबतो, श्वास अपुरा पडतो आणि आवाज वाक्याच्या शेवटी विरून जातो. पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचण्याचे काम माझ्याकडे असते, आणि दरवर्षी मागच्या रांगेतून "मोठ्याने वाचा" अशी हाक ठरलेली असे. ती आली की माझी मान आणखी खाली जाई. या सप्टेंबरमध्ये मी कागद टेबलावर न ठेवता छातीच्या उंचीवर धरला, लांबलचक वाक्ये एका श्वासात पूर्ण केली, आणि अहवाल संपेपर्यंत कोणीही हाक मारली नाही. खाली बसताना माझे हात थरथरत होते, तरी मान दुखत नव्हती.

उणिवा सांगायच्या तर केंद्र दुसऱ्या मजल्यावर असून जिना अरुंद आहे, दहा जणांच्या गटाला एकच आरसा आहे, आणि संध्याकाळी साडेपाचची वेळ गावाकडच्या एसटी पकडणाऱ्यांना गैरसोयीची आहे. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी अडीचशे रुपये, असे सोळा वेळांचे चार हजार होतात. घरी व्यायाम न करणाऱ्याने ते खर्च करू नयेत. ऑगस्टअखेर माझे भिंतीपासूनचे अंतर साडेतीन सेंटीमीटरवर आले. पुढची मोजणी डिसेंबरमध्ये आहे आणि तिचे वेगळे शुल्क नाही.