एपीआयचं मीटर: 5 पैकी अडीच तारे

एका समाजमाध्यमाची सशुल्क एपीआय (दुसऱ्या ॲपला तिथला मजकूर आपोआप मागवता येतो ती सोय) गेले 4 महिने वापरतोय. माझं ॲप लहानसं: नव्या पोस्ट ओढायच्या आणि मोठ्याने वाचून दाखवायच्या. वापरणारे बहुतेक दृष्टिहीन, त्यातला पहिला माझा सख्खा भाऊ.

डॉक्युमेंटेशन नीट आहे, एपीआय-की (पासवर्डसारखा कोड) 5 मिनिटांत मिळाली. फुकट होती तेव्हा मधेच बंद पडायची, तक्रारीला कुणी विचारायचं नाही. आता उत्तर येतं. सर्व्हर हवेवर चालत नाहीत, हे मलाही कळतं. एआयवाले सगळा मजकूर उपसून नेत असतील तर त्यांच्याकडून खुशाल घ्या.

पण मीटर सगळ्यांना एकच! माझं ॲप दर मिनिटाला "नवीन काही आलं का?" विचारायचं. उत्तर बहुतेकदा "नाही". त्या 'नाही'चेही पैसे. पहिल्या महिन्याचा कोटा 11 दिवसांत संपला. (दर मिनिटाला विचारणं हा माझाच आळस, कबूल. आता 10 मिनिटांनी विचारतो. भाऊ कुरकुरतो.)

रेडिट या समाजमाध्यमाने 2023 मध्ये 1000 विनंत्यांना 0.24 डॉलर दर जाहीर केला, तेव्हा 'अपोलो' या रेडिट वाचायच्या ॲपच्या कर्त्याने वर्षाचा हिशोब सुमारे 2 कोटी डॉलर काढला आणि 30 जूनला ॲप बंद केलं. सुलभतेसाठीच्या बिगरव्यावसायिक ॲपना मात्र रेडिटने सूट दिली. मी इथे तशीच मागितली, तर विक्री विभागाने मोठ्या प्लॅनचं दरपत्रक धाडलं.

पुढच्या महिन्याचे भरलेत. त्यापुढचं भावाशी बोलून.